सत्तर मिलिमीटरांची जागा

मेतोदी काराबाशेव आयुष्यभर हवा इकडून तिकडे नेण्याच्या धंद्यात होता. रुसे शहरातल्या एका सरकारी आराखडा-कचेरीत तो पंख्यांचा इंजिनिअर म्हणून लागला आणि चौतीस वर्षं तिथेच चिकटून राहिला. मधल्या काळात राजवट गेली, कचेरीची पाटी तीनदा बदलली, मालक दोनदा बदलले. मेतोदीची खुर्ची तेवढी तीच राहिली. साखर कारखाना असो, कोंबड्यांचं खुराडं असो की शाळेचं स्वयंपाकघर, कोंदट हवा बाहेर आणि ताजी आत, हे त्याचं काम. हिशेबात आठ नंबरचा पंखा निघाला की तो दहा नंबरचा लिहायचा. "मोठ्यानं कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलेलं नाही," असं तो नव्या इंजिनिअरांना सांगायचा. हे वाक्य खरं नव्हतं, पण ते पुढे येईलच.

घरातही तोच खाक्या. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, शेगडीवर, त्यानं एका बंद पडलेल्या खानावळीतून आणलेला धूर ओढणारा पंखा बसवला होता. तो चालू केला की टेबलावरचे कागदी रुमाल छताकडे निघायचे, आणि शेजारच्यांनी तळलेल्या मिरच्यांचा वासही भिंतीतून ओढला जायचा, असं त्याची बायको रायना म्हणायची. रायना तो पंखा वर्षातून एकदाच लावायची, मिरच्या-टोमॅटोची चटणी शिजवायच्या दिवशी, आणि त्या दिवशी डोक्याला फडकं बांधायची.

रायना रोमानियन भाषेतून भाषांतरं करायची. नदीपलीकडच्या रोमानियातून येणाऱ्या औषधांची माहितीपत्रकं हे तिचं मुख्य काम. अडुसष्टाव्या वर्षीही रोज सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मळमळ, चक्कर, क्वचित पुरळ असं लिहीत असे. तिचा जुना संगणक टेबलाखाली होता. तो मेतोदीनं पंधरा वर्षांपूर्वी जोडलेला, म्हणजे अर्थातच त्याला पाच पंखे होते. त्या उन्हाळ्यात पारा चाळिसावर गेला आणि पाचही पंखे एका सुरात ओरडू लागले.

"मेतोदी," रायना एका सकाळी म्हणाली, "आजपासून टेबलाखाली एक तर हा राहील, नाही तर माझे पाय."

"नवा जोडून देतो."

"दे. पण दोन अटी. पावाचा डबा आहे ना, त्या जागेवर तो बसला पाहिजे. आणि मला तो ऐकू येता कामा नये."

"पावाचा डबा कुठे जाईल?"

"पाव आपण दोघं खातो किती? पिशवीत राहील."

व्हिएन्नाहून मुलीनं फोनवर सुचवलं की आईला एक लॅपटॉप घेऊन टाका, विषय संपवा. मेतोदीनं तिला अर्धा तास समजावलं की लॅपटॉप म्हणजे खिडकी नसलेली खोली. मुलगी लहानपणापासून अशी व्याख्यानं ऐकत आलेली. ती म्हणाली, "बरं बाबा," आणि आईशी बोलायला मागितलं.

बाकी सगळं दोन दिवसांत ठरलं. पावाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी, तळहाताहून थोडा मोठा मदरबोर्ड, मध्यम ताकदीचा प्रोसेसर. अडलं ते त्या प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या कूलरपाशी. कूलर म्हणजे तांब्याच्या नळ्या, त्यांच्यावर ओवलेल्या पातळ पाकळ्या आणि वर एक पंखा. चांगले कूलर वीतभर उंच असतात. मेतोदीला आवडलेला तर दोन पंख्यांचा होता, मधमाश्यांच्या पेटीसारखा भरभक्कम. आणि या पेटीत प्रोसेसरच्या पाठीपासून जाळीच्या झाकणापर्यंत जागा होती सत्तर मिलिमीटर. चौतीस वर्षं ज्यानं एक नंबर मोठा पंखा लिहिला, त्याला आता काडेपेटीत वादळ बसवायचं होतं.

दुकानदारानं दोन-तीन बुटके कूलर दाखवले. "इंजिनिअरसाहेब, यातला कुठलाही चालेल," असं तो म्हणाला आणि तिथेच त्यानं मेतोदीचा विश्वास गमावला. कुठलाही चालेल असं म्हणणाऱ्या माणसाला पंख्यातलं काही कळत नाही, हे मेतोदीचं ठाम मत होतं.

मग तो इंटरनेटवरच्या एका फोरमवर गेला. तिथे छोटे संगणक जोडणारी हौशी मंडळी एकमेकांना सल्ले देत, आणि सगळे टोपणनावानं वावरत: कुणी काळा लांडगा, कुणी बर्फ्या. मेतोदीला आडून बोलणं माहीत नव्हतं. त्यानं नाव नोंदवलं, "इंजि. मेतोदी काराबाशेव, रुसे," आणि पहिलाच प्रश्न चार पानांचा टाकला. सोबत स्वयंपाकघराचा नकाशा, वाऱ्याच्या दिशा, आणि जुलै महिन्याचं सरासरी तापमान.

पहिलं उत्तर आलं: "आजोबा, लॅपटॉप घ्या."

दुसरं उत्तर 'पातं' नावाच्या कुणाचं होतं. "आतली उंची किती? प्रोसेसर किती वॅटचा? बाकीचं वाचलं नाही, माफ करा."

मेतोदीनं आकडे कळवले.

"मग पंचावन्न मिलिमीटर उंचीचा घ्या," पात्यानं लिहिलं. "पुरेल."

"जागा सत्तरची आहे," मेतोदीनं लिहिलं. "पंधरा मिलिमीटर वाया घालवायचे?"

"वाया जात नाहीत. तिथे हवा उभी राहते. आत शिरण्यापूर्वी तिला उभं राहायला जागा लागते."

"माझा चौतीस वर्षांचा अनुभव वेगळं सांगतो."

"तुमच्या अनुभवाबद्दल मला काडीची शंका नाही," असं उत्तर आलं.

यात काही खोच असावी असा मेतोदीला संशय आला. पण वाक्य नुसतं वाचलं तर आदराचंच होतं, म्हणून त्यानं ते तसंच घेतलं.

असे तीन महिने गेले. मेतोदीनं बावीस कूलरांचा तक्ता केला: उंची, पाकळ्यांची संख्या, पंख्याचा वेग, आवाज. तो रोज सकाळी प्रश्न टाकायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत पात्याचं उत्तर यायचं. माणूस तिरसट होता, पण त्याचं एकही उत्तर चुकीचं नसायचं. पाण्याचे कूलर का नकोत, तर त्यांचा पंप रात्रंदिवस घुमतो. पंखा कुठल्या तोंडानं लावायचा, तर झाकणाकडून आत ओढणारा. रायना शेजारीच बसून पुरळ आणि जळजळ लिहीत असायची आणि मधूनमधून त्या बातम्या ऐकायची. जुना संगणक अजून टेबलाखाली ओरडत होताच. तिनं कानात कापूस घालायला सुरुवात केली होती.

"हा पातं म्हणतोय, पंचावन्नचाच घ्या," मेतोदी एकदा म्हणाला. "हट्टी माणूस आहे."

रायनानं एका कानातला कापूस काढला. "काय म्हणालास?"

"हट्टी आहे म्हटलं. पंचावन्नचाच घ्या म्हणतोय."

"मग त्याचं ऐक," असं म्हणून तिनं कापूस परत घातला.

मेतोदीनं ऐकलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी त्यानं बरोबर सत्तर मिलिमीटर उंचीचा कूलर आणला, बाजारात मिळणाऱ्या बुटक्यांतला सर्वांत उंच. सहा तांब्याच्या नळ्या, सत्तावन्न पाकळ्या. दिवसभर खपून त्यानं सगळं जोडलं. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी करडी पेस्ट लावताना त्यानं श्वाससुद्धा रोखून धरला होता. झाकण बसवलं तेव्हा पंखा आणि जाळी यांच्यात एक कागदही सरकला नसता. त्याला फार समाधान वाटलं. पेटी पावाच्या डब्याच्या जागेवर ठेवून त्यानं रायनाला बोलावलं आणि बटण दाबलं.

दोघं उभी राहिली. रायना थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग शेगडीकडे पाहून म्हणाली, "तू चहाला पाणी ठेवलंयस का?"

पाणी ठेवलेलं नव्हतं. पेटी शिट्टी घालत होती. बारीक, एकसुरी, दाताच्या मुळाशी जाणारी शिट्टी. मेतोदीनं झाकण काढलं, शिट्टी थांबली. झाकण लावलं, शिट्टी सुरू. त्यानं पंखा उलट्या तोंडानं लावून पाहिला, तर शिट्टीची पट्टी तेवढी बदलली आणि प्रोसेसर तापायला लागला. मग त्यानं पुन्हा पहिल्यासारखा लावला आणि स्टुलावर बसून राहिला.

"झाकणाशिवाय चालेल की," रायना म्हणाली.

"नाही चालणार."

"का? मला चालेल."

हा आवाज मेतोदीनं पूर्वी ऐकला होता. तेव्हा तो बारीक नव्हता, माणूस आत शिरेल एवढ्या मोठ्या लोखंडी तोंडातून येत होता, पण जात तीच होती.

ती गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. शहराबाहेरच्या एका फर्निचरच्या कारखान्यात लाकूड घासण्याचं खातं होतं, आणि तिथला भुसा ओढून घ्यायला पंखा बसवायचा होता. मेतोदी त्या कामाचा प्रमुख, आणि त्याचा जोडीदार पानायोत दोब्रेव. दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसायचे, एकाच बरणीतलं लोणचं खायचे, उन्हाळ्यात दोन्ही कुटुंबं समुद्रावर एकत्र जायची. पानायोतनं हिशेब केला आणि आठ नंबरचा पंखा सांगितला. मेतोदीनं सवयीनं दहा केला. दहा नंबरचा पंखा त्या खोलीत मावला, पण त्याचं तोंड भिंतीपासून वीतभरावर आलं. "हवा कुठून येणार याच्यात?" पानायोतनं विचारलं होतं. "भिंतीतून?" आणि त्यानं तसं टिपणही लिहून दिलं होतं. मेतोदीनं ते फायलीत लावलं, अगदी तळाशी.

पंखा सुरू झाला आणि असा किंचाळला की बायकांनी काम टाकलं. भुसा मात्र होता तिथेच राहिला. चौकशी लागली. तेव्हा मेतोदीची बढती तोंडावर आली होती आणि मुलगी सहा महिन्यांची होती. ही दोन्ही कारणं त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितली. अहवाल त्यालाच लिहायचा होता. त्यानं लिहिलं की आराखडा निर्दोष असून बसवणीच्या वेळी पंखा भिंतीला जास्त चिकटवला गेला. बसवणीवर देखरेख पानायोतची होती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. पानायोतला पन्नास-साठ किलोमीटरवर रझग्रादला, गरम पाण्याच्या नळांच्या देखभालीवर पाठवलं. अकरा वर्षांनी तो परत आला तोवर कचेरीत त्याला ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतरही दोघं त्याच शहरात राहत होते. बाजारात पानायोत टोमॅटोच्या रांगेत दिसला की मेतोदी काकड्यांकडे वळायचा. घरात या विषयावर कधी चकार शब्द निघाला नाही. रायनाला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मेतोदीलाही ठाऊक होतं. छत्तीस वर्षांत ते तेवढ्यावरच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोरमवर लिहिलं. आधी दोन ओळीच लिहायच्या होत्या: शिट्टी येते, तुमचं बरोबर होतं. पण अनोळखी माणसाला चूक कबूल करणं सोपं असतं, आणि एकदा बूच निघालं की बाटली आपोआप रिकामी होते. "हीच चूक मी पूर्वी एकदा केली होती," त्यानं लिहिलं. "तो पंखा खोलीएवढा होता. मला वेळेवर सांगणारा माणूस माझ्यासमोरच बसायचा. मी ऐकलं नाही, आणि पुढे चूक त्याच्या नावावर लिहिली. तेव्हा तुमच्या पंचावन्न मिलिमीटरवर मी तीन महिने वाद घातला, त्याचं आश्चर्य मानू नका." खाली सवयीप्रमाणे पूर्ण सही.

दोन दिवस पात्याचं उत्तर आलं नाही. तोवर बर्फ्या नावाच्या कुणी तरी "वा आजोबा" एवढंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी पातं आला.

"आठ नंबरचा पुरला असता. माझ्याकडे एक पंचावन्नचा पडून आहे. गुरुवारी अकरा वाजता, नदीकाठच्या बागेत, जुन्या बंदराच्या बाजूचा पहिला बाक. कूलरच्या चौकटीचे स्क्रू विसरू नका. पा. दो."

मेतोदीनं ते चार वेळा वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन चष्मा पुसून आला आणि पाचव्यांदा वाचलं.

"रायना," तो म्हणाला. "तो पानायोत आहे."

रायना टाइप करता करता थांबली. "कोण? पातं?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटत होतं की रुसेत तुला सहन करणारी मी एकटीच आहे. आता दुसरा निघाला, आणि तोही जुनाच."

गुरुवारी मेतोदी पावणेअकराला पोहोचला. पानायोत आधीच बसलेला होता. अंगानं वाळला होता, भुवया मात्र पूर्वीच्याच, रानटी. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. मेतोदी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. पलीकडे रोमानियाचा किनारा धुक्यात होता.

"स्क्रू आणलेस?" पानायोतनं विचारलं.

"आणलेत."

"दाखव."

मेतोदीनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पानायोतनं एकेक स्क्रू उजेडात धरून पाहिला.

"तू पहिल्या दिवसापासून ओळखलं होतंस," मेतोदी म्हणाला.

"तू पूर्ण नाव लिहितोस. पुढे इंजिनिअरही लावतोस. न ओळखायला काय मी आंधळा आहे?"

"मग उत्तर कशाला दिलंस?"

पानायोतनं खांदे उडवले. "आधी म्हटलं, भाजू दे त्याला. बसवू दे हवा तेवढा मोठा, वाजू दे शिट्टी. पण मग तुझा तो नकाशा पाहिला; बाकीचं वाचलं नाही म्हटलं, ते खोटं होतं. शेगडीच्या बाजूनं हवा घेणार होतास. तेलकट हवा, मेतोदी. पाकळ्या महिन्याभरात बुजल्या असत्या. मला चुकीचा पंखा बघवत नाही. तुझ्यासाठी नव्हतं ते."

"समजलं."

"रायनाची तब्येत कशी आहे?"

"कानात कापूस घालून बसते."

"साहजिक आहे."

मेतोदीनं वाटेत एक वाक्य तयार करून आणलं होतं. "फोरमवर जे लिहिलं," तो एवढंच म्हणाला, "ते मी..."

"ते वाचलं मी. त्याचा उपयोग नाही," पानायोत म्हणाला. "तिथे काळा लांडगा, बर्फ्या. माझं नाव कुठंय त्यात? माझ्या नावावर जे लिहिलंस ते अहवालात लिहिलंस. शिक्का होता त्याच्यावर. तर आता दुरुस्ती पाहिजे. कागदावर."

"कचेरी राहिलीच नाही, पानायोत. तिथे आता व्यायामशाळा आहे, लोक वजनं उचलतात."

"मला माहीत आहे. मी तिथेच जातो, गुडघ्यासाठी. तीन प्रती. एक तुला, एक मला, एक कचेरीला."

मेतोदीला वाटलं, हा थट्टा करतोय. त्यानं पानायोतच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

पत्र लिहायला मेतोदीला आठ दिवस लागले. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात राजवटीची परिस्थिती होती, कारखान्याची घाई होती, लाकडातला ओलावा होता. रायनानं तो लाल पेनानं तपासला. "इथे 'दुर्दैवानं' लिहिलंयस," ती म्हणाली. "दुर्दैवानं काय केलं? सही तू केलीस."

"मग काढू?"

"काढ. आणि हे 'काही अंशी' पण काढ. मी रोज दुष्परिणाम लिहिते, मेतोदी. काही अंशी मेला असं कुणी लिहीत नाही."

असं काढत काढत पत्र अकरा ओळींचं उरलं. भुशाच्या पंख्याचा आराखडा चुकीचा होता, चूक सही करणाऱ्याची, इंजि. पानायोत दोब्रेव यांनी लेखी सूचना दिली होती व ती योग्य होती. बसवणी आराखड्याबरहुकूम झाली.

दरम्यान पंचावन्नचा कूलर बसला होता. झाकण आणि पंखा यांच्यात एक बोट मावेल एवढी जागा राहिली. ती रिकामी जागा बघून मेतोदीला पहिले काही दिवस कसंसंच व्हायचं. आवाज मात्र येत नव्हता. रायना पहिल्या सकाळी टेबलाशी बसली, कापूस काढला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "वरच्या मजल्यावरचे लोक भांडतात, हे मला आजवर माहीतच नव्हतं." तिनं त्यांचं भांडण मन लावून ऐकलं आणि त्या दिवशी तिची चार पानं कमी झाली.

शनिवारी पानायोत घरी आला. येताना त्याच्या बायकोनं केलेला बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, घेऊन आला, अजून कोमट. बूट काढले, रायनाचा हात हातात घेतला, आणि पहिल्यांदा गेला तो पेटीकडे. तिच्यावर कान टेकवला. मग टेबलाशी बसून चष्मा लावला आणि पत्र वाचायला घेतलं. अकरा ओळी त्यानं इतका वेळ वाचल्या की रायनानं दोनदा कॉफी ओतली.

"सातव्या ओळीत चूक आहे," तो शेवटी म्हणाला.

मेतोदी कागदावर वाकला. "कसली?"

"सूचना मार्चमध्ये दिली लिहिलंयस. मी फेब्रुवारीत दिली होती. एकोणतीस फेब्रुवारी. लीप वर्ष होतं."

"मार्च असेल रे. बर्फ वितळलं होतं."

"फेब्रुवारी."

"मार्च."

"मेतोदी," रायना म्हणाली, "टिपण त्यानं लिहिलं की तू?"

मेतोदीनं नव्यानं तिन्ही प्रती छापल्या, फेब्रुवारी घालून, आणि तिन्हींवर सही केली. पानायोतनं आपली प्रत घडी घालून आतल्या खिशात ठेवली. तिसऱ्या प्रतीकडे बोट दाखवलं.

"ही कचेरीची?"

"हो. पण देऊ कुणाला?"

"मला दे." पानायोतनं पेन मागून घेतलं, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'आवक' असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि बारीक सही केली. शाई वाळेपर्यंत तो कागद हातात धरून बसला. मग तो टेबलावर सरळ ठेवला, त्याचे काठ जुळवले, आणि रायनाकडे वळून म्हणाला की बानित्सा गार होण्याआधी खायला हवा.